दारावरची कप्पी आजच काढा

पत्र :

ताई, नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातले, कपाशीचं घर. यंदा मे महिन्यात आमच्या घरच्यांना लकवा मारला. वय 56. सकाळी चहा घेताना कप हातातून सुटला, तोंड वाकडं झालं, उजवा हात-पाय गेला. बीपीची गोळी चालू होती, पण उन्हाळ्यात उष्ण पडते म्हणून महिनाभर त्यांनी ती सोडलेली. गावात दोन-तीन ठिकाणी फिरवाफिरव झाली, धुळ्याला पोहोचेपर्यंत दुपार उलटली. रक्ताची गुठळी अडकली आहे, पण इंजेक्शनची वेळ निघून गेली, असं डॉक्टर म्हणाले.

आता पाच महिने झाले. काठी घेऊन ओसरीपर्यंत चालतात. हात तसाच, बोटं मुठीत वळलेली. मुलाने दाराला कप्पी बांधून दिली आहे, रोज वीस वेळा दोरीने हात वर ओढायला लावतो. ते ओरडतात, मग रडतात. आता तर व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. बोलणं म्हणजे नुसतं 'हो ना, हो ना', आणि राग आला की एक शिवी, ती मात्र अगदी स्पष्ट. मीच भरवते, मीच कपडे घालते. तंबाखूसुद्धा मळून देते, नाहीतर आदळआपट करतात. पाणी पिताना ठसका लागतो. सगळे म्हणतात, सहा महिन्यांत जे आलं ते आलं. म्हणजे एकच महिना उरला. मोठे दीर म्हणतात, लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेऊ, पण तिथे डॉक्टरच्या गोळ्या बंद कराव्या लागतात. काय करू? यांचं डोकंही गेलंय का?

– एक वाचक

*

ताई,

बाकीचं नंतर वाचा, आधी ती कप्पी काढा. मुलाला रागावू नका. त्याने कुठेतरी पाहिलं असेल आणि बापासाठी खटपट केली. पण लकव्याच्या खांद्याला दारावरची कप्पी चालत नाही.

खांद्याचा सांधा उथळ असतो. दंडाच्या हाडाचा गोळा त्या उथळ वाटीत टिकून राहतो तो भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. स्नायू ढिले पडले की हात स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतो. त्यांना खुर्चीवर बसवा आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवून बघा, डाव्या खांद्यापेक्षा उजव्याला खड्डा लागेल. अशा खांद्यातला हात दोरीने वर ओढला, की पाठीवरचा फरा जसा सोबत फिरायला हवा तसा फिरत नाही आणि मधल्या शिरा-स्नायू हाडांत चेमटतात. तुम्ही लिहिलंय, 'ते ओरडतात, मग रडतात'. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आधी ओरडतात. माणूस आळसाने ओरडत नाही, दुखल्यावर ओरडतो. आणि ज्याला 'दुखतंय' हा शब्दच काढता येत नाही, तो तोंड फिरवण्यापलीकडे काय करणार?

दुसरं, त्यांना उठवताना तुम्ही उजव्या काखेत हात घालून वर खेचत असाल. बहुतेक घरांत असंच होतं. ते थांबवा. कमरेला पंचा किंवा रुंद पट्टा बांधा आणि तो धरून उठवा. बसले असताना उजवा हात उशीवर किंवा मांडीवर ठेवलेला असावा, बाजेच्या कडेवरून लोंबकळता नको. पंधरा दिवसांत ओरडणं कमी झालं तर कारण तेच होतं असं समजा. नाही झालं तरी खांदा दाखवायचाच आहे. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी मिळते, तिथे एकदा मुलालाही सोबत न्या. हात कुठे धरायचा हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं, माझ्या चार ओळींनी ते येणार नाही.

घरात रबरी चेंडू असेल तर तोही नातवंडांना देऊन टाका. बोटं आधीच मुठीत वळलेली आहेत, चेंडू दाबून ती मूठ आणखी घट्ट होते. त्यांना शिकायचंय ते उघडणं.

आता सहा महिने. ही अफवा आहे असं मी म्हणणार नाही, तिच्यात अर्धं खरं आहे. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, कारण मार लागलेल्या भागाच्या कडेची सूज उतरते, झोपलेले भाग जागे होतात. मेंदू आपणहून जे परत देतो ते या काळात देतो. सहा महिन्यांच्या सुमाराला हा ओघ मंदावतो. पण त्यानंतर जे मिळतं ते कमवावं लागतं, आणि कमावण्याला मुदत नाही. अमेरिकेत लकव्याला 3 ते 9 महिने झालेल्या 222 रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष 2006 साली छापून आला. चांगल्या हाताला दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ हातमोजा घालून बसवलं आणि सगळी कामं दुबळ्या हाताकडून करून घेतली. फरक पडला आणि वर्षभरानंतरही टिकला. फक्त त्या सगळ्यांची बोटं आणि मनगट थोडं तरी उघडत होतं. तुमच्याकडे तेवढं आहे का, हे फिजिओथेरपिस्टच बघून सांगेल. म्हणून वाचल्या वाचल्या डावा हात बांधून टाकू नका. काठी त्याच हातात आहे, माणूस पडेल.

माझे वडील रेल्वेत होते, भुसावळला. त्यांनाही असाच झटका आला. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, लोकांना शिकवणारी, आणि घरी आई त्यांना भरवत होती तेव्हा मी गप्प बसले. तिच्या हातातला घास कसा काढून घ्यायचा? चार महिने असेच गेले. शेवटी आईला ताप आला आणि घरात भरवायला कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी वाटीत हात घातला. सांडलं पुष्कळ. सदऱ्याचं वरचं बटण लावायला त्यांना अकरा महिने लागले. बाकीची बटणं कधीच लागली नाहीत, पुढे ते गळ्यातून घालायचा सदराच वापरत. सगळं परत येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण अकराव्या महिन्यात एक बटण आलं, सहाव्यात नव्हतं.

म्हणून तुम्हाला सर्वांत अवघड काम सांगते. भरवणं बंद करा. एकदम नको, दिवसातली एक वेळ धरा, सकाळची न्याहारी. चमच्याच्या दांड्याला जुनं सुती कापड गुंडाळून तो जाड करा आणि उजव्या हातात द्या. हात पुढे जात नसेल तर डाव्या हाताने उजवा धरून न्यायचा. सदरा घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी, एवढा नियम पाळला की तुमची निम्मी ओढाताण वाचते. त्यांना वीस मिनिटं लागतील. तुम्ही तेवढ्या वेळात भाकरी टाका, पाठ करून. बघत राहिलात तर हात आपोआप मदतीला जाईल.

आणि व्यायाम हा शब्दच घरातून काढून टाका. वेचणीचे दिवस आहेत, ओसरीवर कापूस येईलच. बोंडातून कापूस काढताना बोटं काय करतात हे आपण कधी बघत नाही, कारण हातांना ते पाठ असतं. आधी बोटं उघडतात, अंगठा समोर येतो, चिमूट बोंडाच्या फाकांत जाते, मनगट जरासं वळतं आणि चार-पाच कप्प्यांतला कापूस एकदम बाहेर येतो. दवाखान्यात आम्ही प्लास्टिकचे ठोकळे उचलायला लावतो. चाळीस वर्षं कपाशी वेचलेल्या माणसाच्या मेंदूत ठोकळ्यांची वाट कुठे असणार? कापसाची आहे, बुजली असली तरी आहे.

सुरुवात बोंडांनी नको. सुकलेल्या बोंडाची टोकं टोचतात, आणि हात बधिर असेल तर रक्त निघालेलंही कळत नाही. याच कारणाने त्या हाताला गरम विटेचा शेक देऊ नका, भाजल्याचे फोड मी पाहिले आहेत. आधी सुटा कापूस एका टोपलीतून दुसऱ्या टोपलीत टाकू द्या. धरणं लवकर येतं, सोडणं उशिरा, तेव्हा मुठीत अडकला तर घाई करू नका. मनगट खाली वाकवलं की बोटं थोडी सैल होतात, डाव्या हाताने तसं करायला शिकवा. काहीच हालत नसेल तर दोन्ही हात एका फडक्यावर ठेवून ओट्यावर पुढे-मागे पुसायचं. कापसाच्या वाती वळणं हेही दोन हातांचंच काम. वीस वेळा करून मेंदूला काही कळत नाही, हे दिवसाकाठी शेकड्यांनी व्हायला हवं. ते घरकामातच होऊ शकतं, दारावरच्या दोरीने नाही.

डोकं गेलंय का, असं विचारलंत. व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवतात ना? म्हणजे नाव कळतं. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि तीच बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवा हात आणि बोलणं असे एकदमच गेले. शब्द काढण्याची जागा दुखावली, म्हणून समजण्याची जागाही गेलीच असं नसतं. पॅरिसमध्ये 1861 साली ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी असा रुग्ण तपासला, ज्याला 'टॅन' याखेरीज काही बोलता येत नव्हतं. लोक त्याला टॅनच म्हणत. तोही संतापला की शिवी मात्र देई. आपण ठरवून जे बोलतो त्याची वाट वेगळी आणि तोंडात बसलेल्या गोष्टींची वेगळी. शिवी, एक ते दहा आकडे, वार, आरती हे सगळं दुसऱ्या वाटेने येतं. तेव्हा त्या शिवीला लाजू नका. ती मुद्दाम दिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती शुभशकुन आहे, जीभ आणि ओठ चालतायत.

याच वाटेचा उपयोग करा. संध्याकाळी दिवा लावल्यावर आरती त्यांच्या सोबत म्हणा, आणि ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही गिळा. थांबा, मनात दहापर्यंत मोजा. तो शब्द त्यांच्या तोंडून निसटतो का बघा. चालीवर शब्द येतो, हे आम्ही उपचारातही वापरतो. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच बोला. दवाखान्यातून आल्यावर लोक पेशंटशी पुस्तकी मराठीत का बोलायला लागतात, देव जाणे. 'काय व्हयनं?' असं विचारलं तर ज्याला उत्तर सुचेल, त्याला 'आपणास काय होत आहे?' विचारून काय मिळणार? एका वेळी एकच प्रश्न आणि दोनच पर्याय, तेही दाखवून: चहा की दूध. त्यांचं 'हो ना' म्हणजे दर वेळी होकार नसतो, अंगठा वर की खाली ते विचारून खात्री करा. आणि त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलू नका. ऐकतात ते.

आता ज्या गोष्टीवर मी तडजोड करणार नाही ती. गोळ्या.

हात आला नाही तरी माणूस जगतो. दुसरा झटका आला तर पहिल्यात वाचलेलं तेही जातं, आणि लकव्याच्या दर चार रुग्णांत साधारण एकाचा हा पहिला झटका नसतो. तुमच्या घरी मे महिन्यात काय झालं ते तुम्हीच लिहिलंय: बीपीची गोळी उष्ण पडते म्हणून सोडली. खान्देशच्या उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो, अंगाची लाही होते, चक्कर येते आणि दोष गोळीवर जातो. त्यात थोडं तथ्य असूही शकतं, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि घाम आधीच वाहत असतो. पण त्यावर उपाय डॉक्टरांना सांगून गोळी किंवा तिचं प्रमाण बदलून घेणं हा आहे. फाल्गुन लागला की दाखवून आणा, ऊन तापायच्या आत.

त्यांना बहुधा तीन तऱ्हेच्या गोळ्या असतील: बीपीची, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची. शेवटची तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक हमखास बंद करतात. ती रक्तवाहिनीच्या आतला थर शांत ठेवण्यासाठीही असते, नुसता आकडा उतरवण्यासाठी नाही. वरचा बीपी 10 अंकांनी उतरला तरी पुन्हा झटका येण्याचा धोका पावभराने कमी होतो. घरी यंत्र आणा. माप डाव्या, चांगल्या हाताचं घ्या, पाच मिनिटं शांत बसवून, चहा-तंबाखूच्या आधी. बहुतेकांसाठी 130/80 च्या खाली हे लक्ष्य असतं, तुमचं किती ते डॉक्टर सांगतील. आकडे वहीत लिहा. पैशांची ओढ असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधं स्वस्त मिळतात. आणि पुढच्या खेपेला दोन गोष्टी विचारा: मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी झाली होती का, आणि हृदयाचे ठोके अनियमित आहेत का. गुठळी आली कुठून हे कळलं नसेल तर ते शोधायचं राहिलंय.

मोठ्या दिरांशी भांडू नका. ते भावासाठीच बोलतायत. त्यांना सांगा, जाऊ, दर्शन घेऊ, नारळ फोडू. पण गोळी एकही चुकणार नाही आणि तिथली पुडी पोटात जाणार नाही. पुडीत काय आहे हे देणाराच सांगत नाही. स्टिरॉइड असलं तर चार दिवस तरतरी येते आणि बीपी-शुगर चढते. कबुतराचं रक्त चोळून नस उघडत नाही, अडथळा हातात नव्हताच, डोक्यात होता. मग लोकांना गुण येतो तो कसा, असं दीर विचारतील. पहिल्या तीन महिन्यांत नेलेल्याला तो येणारच होता, श्रेय पुडीला गेलं. ज्यांना आला नाही ते गावोगाव सांगत फिरत नाहीत.

तंबाखू. हे लिहिताना मला तुमचा राग आला आणि दयाही आली. लुळ्या हाताला चुना लावता येत नाही म्हणून तो तुम्ही लावता. दर चिमटीला नाडी आणि बीपी वर चढतात. एकाच दिवशी बंद केली तर आदळआपट होईल, होऊ द्या, पहिले काही दिवस फार जड जातात. हाताशी बडीशेप ठेवा, आणि चिडचिड आवरेनाच झाली तर डॉक्टरांना सांगा, त्यासाठीही औषध मिळतं. तुम्ही मळणं बंद करा म्हणजे झालं. बिनामिठाची भाकरी खा असं मी सांगत नाही, पण दिवसाचं सगळं मीठ मिळून एक लहान चमचा, 5 ग्रॅमच्या आत हवं, आणि आपल्याकडे ते शेवभाजीत, खुड्यात, लोणच्यात आणि पापडखारातून गुपचूप जातं. उडदाचा पापड रोज पानात नको. भरीत खुशाल करा, मीठ हात राखून.

ठसक्याकडे दुर्लक्ष केलंत तर छातीत पाणी-अन्न जाऊन न्यूमोनिया होतो, हे डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. तोवर बाजेवर आडवं असताना काही पाजू नका. ताठ बसवा, हनुवटी थोडी खाली, एकेक घोट. पातळ वरणात कुस्करलेली भाकरी आपल्याला मऊ वाटते, पण तोंडात पाणी पुढे धावतं आणि तुकडे मागे राहतात, तिथेच ठसका लागतो. घट्ट खिचडी, घट्ट दही, कुस्करलेलं केळं बरं. जेवल्यावर उजव्या गालात घास राहिलाय का ते बघा आणि अर्धा तास बसवून ठेवा.

रडण्याबद्दलही सांगून ठेवते. खांदा बरा झाल्यावरही ते सारखे रडत असतील, झोप-भूक गेली असेल, तर त्याला स्वभाव म्हणू नका. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते औषधाने उतरतं. तुमची झोप होते का, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. रात्री मुलाने उठायचं, आठवड्यातून निदान चार रात्री, कप्पीऐवजी त्याला हे काम द्या.

धुळ्याला उशीर झाला याची बोच तुमच्या पत्रभर आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देतात, आणि हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला ठाऊक आहे. तोंड वाकडं, हात गळाला, बोबडी वळली, यातलं एक जरी कुणाच्याही घरी दिसलं तर घड्याळ बघा, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा, 108 ला फोन करा आणि सिटी स्कॅन जिथे आहे तिथे थेट न्या. मध्ये पाणी नाही, गोळी नाही. गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी रक्तस्रावात घातक ठरू शकते.

दिव्यांग प्रमाणपत्राचं जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवा. 40 टक्के किंवा जास्त निघालं तर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, धुळ्याच्या खेपा तरी स्वस्त होतील.

पत्रात गोळ्यांची नावं नव्हती. पुढच्या वेळी चिठ्ठीचा फोटो पाठवा, महिनाभराच्या बीपीचं वहीचं पानही. आणि न्याहारीला किती वेळ लागतो ते लिहा.